गार्डाची पोरगी पियानो वाजवते

आमच्याकडे दिवस उजाडायचा तो करवतीच्या आवाजानं. चांद्याहून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकारी लाकडांचा मोठा डेपो होता, आणि त्याच्या कुंपणाला लागून आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा जंगल खात्यात गार्ड होते. डेपोत येणाऱ्या प्रत्येक सागाच्या ओंडक्यावर शिक्क्याचा हातोडा मारायचा, हे त्यांचं काम. माय चुलीपुढे बसून भाताचं पाणी ओतायची, बाहेर करवती घर्र-घर्र ओढल्या जायच्या, आणि मध्येच बाबांचा हातोडा वाजायचा, ठक्. त्या एका ठोक्यावरून मी ओंडका ओला की वाळलेला ते सांगायचे. बाबांना त्याचं फार कौतुक. आलेल्या गाडीवानाला थांबवून ते म्हणायचे, "माह्या पोरीचा कान पाहा. पाठ करून बसवा तिले अन् मंग इचारा."

जेवण आमचं साधंच असायचं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी. बाजाराच्या दिवशी सुके झिंगे. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की माय सांबारवडी करायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे. या क्वार्टरात येण्याआधी आम्ही भामरागडकडच्या एका नाक्यावर होतो. तिथं माझा धाकटा भाऊ तापानं गेला. तीन वर्षांचा होता. दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, त्यात नदीला पूर. बाबांनी त्याला पाठीशी बांधून नदीकाठापर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं. मायनं त्या गावाचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. 'तिकडे' म्हणायची. "तिकडे होतो तवा," असं. बाबांनी अर्जांवर अर्ज केले तेव्हा कुठं डेपोची ही जागा मिळाली. म्हणून आमच्या घरात देवानंतर साहेबाचं नाव घेतलं जायचं, आणि साहेब खोकला तरी बाबा उठून उभे राहायचे.

साहेबांचा बंगला डेपोच्या वरच्या अंगाला, टेकाडावर होता. इंग्रज साहेब देश सोडून गेला तेव्हा जाताना त्याला दोन गोष्टी नेता आल्या नाहीत, एक म्हातारा कुत्रा आणि दुसरा पियानो. कुत्रा लवकरच मेला. पियानो ताडपत्रीखाली पडून राहिला. गावात त्याच्याबद्दल काय काय बोललं जायचं. बंगल्यात एक पेटी आहे, तिच्यात माणूस झोपू शकतो. कोणी म्हणे, तिच्यात मेमसाहेब पुरलेली आहे. मग मुंबईकडचे एक साहेब बदलून आले. त्यांच्या बायकोनं, बाईसाहेबांनी, ताडपत्री काढली, आतली उंदरांची घरटी काढली, नागपुराहून एक म्हातारा कारागीर बोलावून तो सुरात लावून घेतला आणि वाळवी चढू नये म्हणून त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. पावसाळ्याच्या ओलीनं डावीकडच्या तीन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

बाईसाहेबांचा पियानोवर फार विश्वास. लहानपणी त्या एका पारशी बाईंकडे शिकल्या होत्या. लहान मुलांना पियानो शिकवलाच पाहिजे, असं त्या ज्याला-त्याला सांगायच्या. मायलाही एकदा सांगितलं. शिस्त लागते. दोन हातांना दोन वेगळी कामं करायची सवय होते. गणित सुधारतं. पाठीचा कणा ताठ राहतो. आणि चारचौघांत मूल भीत नाही. माय ऐकून घ्यायची, हात जोडायची आणि घरी येऊन म्हणायची, "मोठ्याइचं काई खरं नाई बाप्पा. कणा ताठ कराले एवढी मोठी पेटी!"

त्यांची मुलगी नीलू माझ्याच वयाची, दहाची. तिला पियानोचा मनापासून कंटाळा. एकटी बसायची नाही, रडायची. सोबतीला कोणी हवं म्हणून बाईसाहेबांनी मला बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझी नखं पाहिली, साबणानं हात धुवायला लावले आणि मला भिंतीशी एका बुटक्या स्टुलावर बसवलं. माझं काम एवढंच, की तिथं असायचं. रोज दुपारी शाळा सुटली की तासभर. नीलू खिडकीबाहेरची खार बघत वाजवायची, बाईसाहेब पेन्सिलीनं लाकडावर ताल धरायच्या, आणि मी ऐकायची. काय ऐकत होते ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. एवढं कळायचं, की नीलूचं बोट चुकीच्या जागी पडलं की माझं बोट मांडीवर आपोआप बरोबर जागी सरकतं.

दोन-तीन महिन्यांनी नीलूला गालफुगी झाली. तिला पलंगावर ठेवून बाईसाहेब सहज म्हणाल्या, "ये, आज तू बस." मी बसले आणि नीलूचा तो आठवड्याचा सगळा धडा वाजवला. उजव्या हाताचा सरळ गेला, डावा अडखळला, पण गेला. बाईसाहेबांची पेन्सिल थांबलेली मला कळली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुमीच त शिकवून राह्यल्या नीलूले," मी म्हटलं. "मी आयकून राह्यली होती."

त्या हसल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटं ताणून पाहिली, एका पट्टीपासून आठव्या पट्टीपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून स्टूल गेलं. अर्धा तास नीलू, अर्धा तास मी.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी जे केलं ते लिहिलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल, आणि पुढे मला त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे त्यात अन्यायाला जागा नको. सागाची एक फळी त्यांनी रंधून काढली. बंगल्यावर जाऊन, बाईसाहेबांची परवानगी घेऊन, सुतळीनं पियानोच्या पट्ट्या मोजून आणल्या. मग फळीवर पट्ट्या आखल्या आणि ओंडक्यांवर नंबर टाकायच्या काळ्या रंगानं काळ्या पट्ट्या रंगवल्या. ती फळी मांडीवर घेऊन मी ओसरीत बसायची आणि आवाज न होणारा पियानो वाजवायची. करवतीवरचे मजूर येऊन पाहायचे. बाबा शेजारी बसून मान डोलवायचे. "आयकू येते काय गा तुले?" कोणी विचारलं की म्हणायचे, "मले नाई येत. पण तिले येते, मले मालूम आहे."

मी त्या दीड वर्षात किती सुखी होते ते आता कळतं. गणित सुधारलं की नाही मला माहीत नाही. पाठ अजून ताठ आहे, डॉक्टरही म्हणतात. माझ्या सुनेनं परवा नातीला पियानोच्या क्लासला घातलं. क्लासवाल्यांनी दिलेल्या कागदावर फायद्यांची अख्खी यादी होती, बाईसाहेब सांगायच्या तीच, फक्त गुळगुळीत कागदावर. सून वाचून दाखवत होती. मी म्हटलं, चांगलं आहे, घाल. आणखी काय बोलणार? त्या यादीत सगळं खरंच लिहिलं आहे. मूल कोणाच्या घरातलं आहे ते मात्र तिथं कोणी विचारत नाही.

थंडीत साहेबांकडे पाहुणे यायचे. त्या वर्षी खात्याचे बडे साहेब दौऱ्यावर येणार होते आणि त्याच वेळी नागपूरच्या एक फर्नांडिसबाई. त्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या शाळेत संगीत शिकवायच्या, आणि बाईसाहेबांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. चहाच्या वेळी नीलू आणि मी, दोघी एकेक तुकडा वाजवणार असं ठरलं. माझा तुकडा बाईसाहेबांच्या जुन्या वहीतला होता, दोन पानांचा. सुरुवात संथ, मग डावा हात पाण्यासारखा धावत राहतो आणि उजवा त्याच्यावरून सावकाश चालतो. महिनाभर मी तो घासला. बाईसाहेब शेवटी शेवटी काही बोलायच्याच नाहीत, खिडकीपाशी उभ्या राहून ऐकायच्या. "घाबरायचं नाही," एवढंच एकदा म्हणाल्या. "त्या बाईंकडे बघायचंच नाही. तुझं तू वाजव." मायनं माझ्या एकुलत्या चांगल्या परकराला नवी किनार लावली.

त्या दिवशी सकाळी बाबा मला डेपोत घेऊन गेले. रविवार होता, करवती बंद होत्या. ओंडक्यांच्या दोन थप्प्यांमधल्या गल्लीत त्यांनी मला उभं केलं. स्वतः एका ओंडक्यावर बसले, म्हणजे त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या समोर आले.

"शकुन, आज तू जरासाक चुकजो."

मला कळलंच नाही. "काय चुकू?"

"वाजवतानी. तीन-चार जागी. लोकाइले समजलं पाहिजे असं."

"काऊन?"

"नीलूबेबी वाजवन, मंग तू वाजवशीन. बडे साहेब बसून राह्यतीन तिथी. साहेबाच्या पोरीपक्षा गार्डाची पोरगी चांगली वाजवते, असं दिसलं त साहेबाचं तोंड कसं होईन? सांग."

"साहेबानं सांगतलं का तुमाले?"

 ओंडक्याची सुटलेली साल बाबा नखानं काढत राहिले. मग म्हणाले, "तुले 'तिकडे' वापस जाचं आहे काय? तुह्या मायले न्याचं आहे काय तिकडे?"

मी नाही म्हटलं.

"मंग झालं त. एवढंच काम आहे. माही शहाणी बाई."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला यातून एकच अर्थ कळला. साहेबानं हुकूम दिला आहे, बाबा आपल्याला त्याचं नाव सांगत नाहीत, आणि आपण नीट वाजवलं तर मायला पुन्हा त्या नदीकाठी जावं लागेल. हे मी मायजवळ बोलले नाही. तिनं वेणी घातली, तेव्हा मी मनात चुकायच्या जागा ठरवत होते. आपल्याला येत असलेली गोष्ट चुकायची म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. बोटांना खरी वाट माहीत होती. त्यांना खोट्या वाटेनं न्यायचं तर प्रत्येक जागा आधी मनात खुणेनं ठेवावी लागली.

बंगल्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बडे साहेब जाड, हसरे होते, बशीत चहा ओतून पीत होते. फर्नांडिसबाई एका कडेला सरळ बसलेल्या, पांढरे आखूड केस, मांडीवर हात. बाबा दारात गणवेशात उभे. नीलूनं तिचा तुकडा वाजवला, जसा नेहमी वाजवायची तसा, एकही चूक नाही आणि एकही जीव नाही. टाळ्या झाल्या. मग मी बसले.

पहिल्या अर्ध्या पानापर्यंत मी खरं वाजवलं. ते माझ्या हातून आपोआप झालं. फर्नांडिसबाई खुर्चीत पुढे सरकल्या, ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. मग पहिली ठरवलेली जागा आली आणि मी बोट शेजारच्या पट्टीवर टाकलं. तो आवाज मी कधी विसरले नाही. दुसरी चूकही ठरवल्यासारखी झाली. आणि मग जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. डावा हात थांबला. मला पुढचं आठवेना. खरी वाट मोडली ती मोडली, परत सापडलीच नाही. मी तिथंच दोन पट्ट्या पुन्हा पुन्हा दाबत राहिले, चार वेळा, पाच वेळा. कोणीतरी खाकरलं. बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "पुरे, शकुन."

बड्या साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. "वा! अरे, गार्डाची पोरगी पियानो वाजवते! कमाल आहे तुमची, बाईसाहेब." सगळे हसले. वाईट हसले असं नाही. माकडानं टोपी घातली की हसतात तसं. फर्नांडिसबाई मात्र हसल्या नाहीत; त्या बाईसाहेबांकडे पाहून इंग्रजीत काहीतरी दोन-तीन शब्द बोलल्या आणि खुर्चीला पाठ टेकून बसल्या. मी दाराकडे पाहिलं. बाबा हसत होते. त्यांच्या अंगावरून मोठा भार उतरल्यासारखे. त्यांनी मला मान हलवून शाबासकी दिली. तेवढी शाबासकी मला जन्मात नको होती.

जाताना जिन्यापाशी नीलूनं माझा हात धरला. "मुद्दाम चुकलीस ना तू?" ती दात आवळून म्हणाली. "दुष्ट. आता मलाच रोज पूर्ण तास बसावं लागणार." त्या सगळ्या लोकांत खरं काय झालं ते तिला एकटीला कळलं होतं, आणि तिला त्याचा रागच आला.

आठ दिवस बंगल्यावरून बोलावणं आलं नाही. मग बाईसाहेबांनी बाबांना सांगितलं, की शकुनला यापुढे पाठवू नका, तिला चारचौघांत भीती वाटते, उगाच मुलीच्या जिवाला त्रास कशाला. बाबांनी ते घरी येऊन जेवताना सांगितलं. माय म्हणाली, "बरं झालं. घरात तरी मदत होईन." मी ताटातला भात संपवला.

पुढच्या पावसाळ्याआधी साहेबांची बदली झाली. नवे आले ते नव्या माणसांना घेऊन आले आणि बाबांची बदली झाली 'तिकडे'च. तोच नाका नव्हे, पण तेच जंगल, तीच नदी. माय गाडीत बसताना रडली नाही. मला मामाकडे चांद्याला ठेवलं. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आले, दोन्ही हात वेगळे चालायची सवय होतीच. मास्तर म्हणाले, काय बोटं आहेत! मी नागपूरला एका कचेरीत लागले आणि बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केली.

एकदा कचेरीत पेन्शनच्या कागदांसाठी एक म्हाताऱ्या बाई आल्या. मी खाली मान घालून टाइप करत होते, पण "जरा बघता का हो" म्हणणारा तो आवाज ऐकला आणि मी ओळखलं. बाईसाहेब. साहेब वारले होते. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या यंत्रावरच्या बोटांकडे पाहिलं.

"सोडून दिलंस?" त्यांनी विचारलं. "किती घाबरली होतीस त्या दिवशी."

वीस वर्षं मनात धरून ठेवलेलं वाक्य बाहेर आलं. "घाबरले नव्हते, बाईसाहेब. साहेबांच्या हुकमानं चुकले."

"कसला हुकूम?"

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातले पेन्शनचे कागद टेबलावर ठेवले.

"अगं, फर्नांडिसबाईंना मी तुझ्यासाठी बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या तुला नागपूरला घेऊन जाणार होत्या. वसतिगृहात ठेवून शिकवणार होत्या. साहेबांना सगळं ठाऊक होतं. तेच म्हणाले होते, की आधी बाईंना ऐकू दे, मग गार्डला सांगू. नाहीतर तो उगीच आशेला लागायचा." त्यांनी माझ्या टेबलाचा काठ धरला. "नीलूला काही येत नाही, हे काय आम्हाला दिसत नव्हतं? साहेबांनी एक शब्द काढला नव्हता कोणाजवळ. कोणी सांगितलं तुझ्या वडिलांना?"

त्या शनिवारी मी चांद्याला गेले. तेव्हा बाबा रिटायर होऊन भाड्याच्या खोलीत राहायचे. माय आदल्याच वर्षी गेली होती. दुपारची वेळ. ते ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा, त्या दिवशी मले चुकाले सांगा, असं कोण बोललं होतं तुमाले? साहेब?"

त्यांना कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. "नाई," ते म्हणाले.

"बाईसाहेब?"

"नाई."

"मंग कोण?"

"कोणीच नाई सांगतलं, बेटा." शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "साहेबाले सांगा लागत नाई. आपल्याले समजा लागते."

"वीस वर्षं मी साहेबाले शिव्या देऊन राह्यली. तुमी आयकत होते. एक दिवस तरी सांगाचं होतं."

त्यांनी हातातली शेंग सोलायला घेतली. मग मी फर्नांडिसबाईंचं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. नवरा मला पुढे म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला हे सांगायला नको होतं. माझी मुलंही तेच म्हणतात. असेल. पण ते ओझं मी एकटीनं का वाहायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

बाबांनी ऐकलं. सोललेली टरफलं एका बाजूला केली आणि विचारलं, "मंग आज तू कोण असती?"

"मले नाई मालूम, बाबा," मी म्हटलं. "थेच त मले आता कधी समजणार नाई."

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. मी दर महिन्याला जायची, औषधं न्यायची, नखं काढून द्यायची. पावसापाण्याचं, नातेवाइकांचं सगळं बोलायचो. हे मात्र पुन्हा नाही. ते गेले तेव्हा खात्यातली जुनी माणसं आली होती. अंगणात बसून एकजण म्हणाला, "भाऊचा सोभाव लय गरीब. जिंदगीत कोणाचं मन दुखवलं नाई." सगळ्यांनी होकार भरला आणि माझ्याकडे पाहिलं.

मीही मान हलवली. वरच्या माणसाचं मन त्यांनी खरंच कधी दुखवलं नव्हतं.